मंडळीतल्या (चर्चमधल्या) आजारी घराला मदत कशी करावी

"काही लागलं तर सांगा" एवढं बोलून निघू नका. संकोची माणूस कधीच सांगत नाही. नेमकं विचारा: "मंगळवारी औषधं मी आणू का?"

देणं मनात ठरवल्याप्रमाणे असावं, कुरकुरत किंवा भाग पाडल्यामुळे नव्हे, असं बायबलमध्ये प्रेषित पौल लिहितो (२ करिंथ ९:७). म्हणून उपासनेत सगळ्यांसमोर नावं पुकारून कामं वाटू नका. कागद फिरवा; ज्याला जमेल तो आपला वार लिहील. यादी २ आठवड्यांचीच करा, मग पुन्हा विचारा. नाहीतर पहिल्या दिवशी तिघांचे डबे पोचतात आणि चौथ्या आठवड्यात कोणीच फिरकत नाही. वेळापत्रक एकाच्याच हाती हवं. विधवांच्या रोजच्या वाटपात हेळसांड झाली, तेव्हा पहिल्या मंडळीनेही खास त्या कामाची जबाबदारी ठरावीक माणसांवर, ७ जणांवर, सोपवली होती (प्रेषितांची कृत्ये ६).

डब्याआधी पथ्य विचारा. भांडं परत करावं लागणार नाही असंच द्या. भेट १५ मिनिटांची. प्रार्थना विचारूनच, तीही छोटी. पैसे पाकिटात, गुपचूप (मत्तय ६:३). फोटो? अजिबात नाही. "नको" म्हणाले तर आग्रह न करता आठवड्याने पुन्हा विचारा.