जुनी रिअर-व्हील ड्राइव्ह घेताय? आधी गालिचा उचला

बेताच्या बजेटमध्ये रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी, स्पोर्ट्‌स कार हवी असेल, तर दोन दारांचा हट्ट सोडा आणि बीएमडब्ल्यू थ्री सिरीजची ई९० किंवा एफ३० पिढीची चार दारांची सेडान बघा. मागच्या चाकांची मजा तीच, शिवाय बीएमडब्ल्यूच्याच दोन दारांच्या झेड४ पेक्षा सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक सहज मिळतात.

मुंबईत मात्र किलोमीटरच्या आधी पाणी बघायचं. पावसाळ्यात गाडी कुठे उभी असायची ते विचारा. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून हात फिरवा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीटच्या रुळांवर गंज, पट्ट्यावर चिखलाची रेघ, कुबट वास, यातलं काहीही आढळलं तर भाव कितीही कमी असो, परत फिरा. बुडालेल्या गाडीचं वायरिंग पुढे वर्षानुवर्षं छळतं.

थ्री सिरीजची डिझेल ३२०डी घेणार असाल तर इंजिन थंड असतानाच सुरू करून चेनचा खडखडाट येतो का ते ऐका. यातल्या बऱ्याच गाड्यांत असलेल्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन (आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला असते, त्यामुळे तिचं काम फार महागात पडतं. ट्रायलमध्ये मागून घरघर आली तर डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) तपासून घ्या.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच सौदा करा.