सिनॅप्सची आकृती काढताना या चुका टाळा

दादरला मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. सराव पेपर तपासताना सिनॅप्सची, म्हणजे दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेची, एक आकृती दर वर्षी भेटते. दोन चेतापेशी, मध्ये फट आणि फटीवरून उडी मारणारी वीज. परवा तर एकाने पिवळ्या स्केचपेनने ठिणगीही काढली होती. इथे गुण जातात.

बहुतेक सिनॅप्समध्ये वीज फट ओलांडतच नाही. आपलं दादरच बघा ना. वेस्टर्नने आलात आणि सेंट्रलवर जायचंय, तर गाडी काही पूल चढत नाही. तुम्ही उतरता, जिना चढता, पलीकडे दुसरी गाडी पकडता. विद्युत संदेशही अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटीच्या, टोकाशी थांबतो. तिथे कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि त्यामुळे न्यूरोट्रान्समीटरच्या (संदेश नेणाऱ्या रसायनाच्या) पिशव्या पेशीच्या पटलाला मिळून फटीत रिकाम्या होतात. फट असते जेमतेम 20 ते 40 नॅनोमीटरची. पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे हे रसायन पकडणाऱ्या प्रथिनाला, रेणू चिकटला की तिथे नवा विद्युत बदल सुरू होतो. मुलं नेमकं कॅल्शियमच गाळतात. (थेट विद्युत सिनॅप्सही असतात, पण त्यांत दोन पेशी सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात. ठिणगी तिथेही नाही!)

हे रसायनाचं काम आहे, हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये दाखवलं. एका बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस चेता उत्तेजित केली, ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. तो पदार्थ पुढे ॲसिटिलकोलीन ठरला.

आणि इथेच दुसरी चूक होते: ‘ॲसिटिलकोलीन उत्तेजक असतं’ असं ठोकून देणं. हाताचा स्नायू आकसतो तो त्याच्यामुळेच, आणि हृदय मंदावतं तेही त्याच्यामुळेच. परिणाम रिसेप्टर ठरवतो, रेणू नव्हे.

एक संदेश आला की पुढची पेशी पेटलीच, असंही लिहू नका. विश्रांतीत पेशी उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास असते, पेटण्याचा उंबरठा साधारण उणे 55 ला. मेंदूतल्या एका सिनॅप्सचा धक्का बऱ्याचदा 1 मिलिव्होल्टही नसतो. शिवाय गाबासारखे रेणू उलट ओढतात. बेरीज-वजाबाकी होऊन निकाल लागतो.

‘शिकलं की नवे सिनॅप्स उगवतात’ हे अर्धंच उत्तर झालं. असलेले सिनॅप्स बळकट किंवा दुबळे होतात, हा मोठा भाग. ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागात) अशी टिकून राहणारी बळकटी नोंदवली. लहानपणी तर जास्तीचे सिनॅप्स छाटलेही जातात.

राहिलं एक. काम झाल्यावर रेणू कुठे गेला, ते दाखवा. ॲसिटिलकोलीनला एक एन्झाइम फोडतं. सेरोटोनिन, डोपामिन बहुतांशी परत आत खेचले जातात. त्यासाठी मागे वळणारा एक छोटा बाण पुरे.