भुशाची शेगडी: धुमसू न देता पेटती ठेवायची कशी

खानापूर-बेळगाव भागात पावसाळ्यात सॉ मिलचा भुसा ओलसर मिळतो. शेगडीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. भुसा मुठीत दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर तो अजून ओला आहे, पत्र्यावर पसरून दोन उन्हं द्या. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती तुमच्या चहाच्या वाटची जाते.

तेलाचा १५ किलोचा डबा घ्या, वरचं झाकण पूर्ण कापा. बुडाशी एका बाजूला अडीच इंची भोक पाडा. तेवढ्याच जाडीचा एक पाईप मधोमध उभा करा, दुसरा भोकातून आडवा घालून उभ्याला टेकवा. आता भुसा चार बोटांच्या थरांनी टाकून लाकडी ठोकळ्याने चोपा. सैल भरला तर अर्ध्या तासात भोकात ढासळतो, हवा अडते, सगळं धुरकटतं. शेवटी दोन्ही पाईप गोल फिरवत काढा, सरळ ओढू नका.

आतलं रसायन असं. साधारण २०० अंशांच्या पुढे लाकूड विघटू लागतं, ३०० ते ४०० अंशांत त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबराची वाफ भरभरून सुटते. हाच तो धूर, म्हणजे न जळलेलं सरपण. उरलेला कोळसा ५००-७०० अंशांवर ज्वाळेविना धुमसतो. शेगडीच्या तोंडातून पिवळट धूर येत असेल तेव्हा त्यावर पेटती काडी धरून बघा: धूरच भक्कन पेट घेतो. म्हणून चिपा आणि ढलप्या खालच्या भोकातून पेटवा, पाईप काढल्यावर मधे उरलेलं धुराडं आधी तापू दे. भांड्याखाली तीन खडे ठेवून बोटभर फट ठेवा. भांडं तोंडावर घट्ट बसलं की ज्वाळ विझते, धूर मात्र चालूच.

आच कमी करायला खालच्या भोकापुढे विटेचा तुकडा सरकवा. पण हवा तोडली की कार्बन मोनॉक्साईड वाढतो. त्याला वास नाही, रंग नाही. दारं-खिडक्या लावून धुमसती शेगडी घरात ठेवू नका, थंडीत तर मुळीच नाही.

प्लाय, एमडीएफ, रंगवलेल्या लाकडाचा भुसा नको. त्यातल्या डिंकाचा धूर डोळ्यांना झोंबतो. भाताचं तूस चालतं, पण त्यात सिलिका जास्त, जळल्यावरही दाण्याचा आकार राहतो, राख भरपूर.

विझली असं वाटलं तरी आतला भुसा रात्रभर धुमसत राहू शकतो. नवा भुसा भरण्याआधी राख पत्र्यावर ओतून पाणी शिंपडा, ढवळा, हात लावून बघा.