व्हायब्रेशन टेस्टला पार्ट लावायच्या आधी नुसतं फिक्श्चर तपासा
कुपवाड म्हणा नाहीतर सातारा एमआयडीसी, ब्रॅकेट टेस्टमध्ये तुटला की खापर लगेच वेल्डिंगवर नाहीतर मटेरियलवर फुटतं, पण बऱ्याचदा घोळ फिक्श्चरचा, म्हणजे टेस्टमध्ये पार्ट पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याचा असतो. म्हणून आधी रिकामं फिक्श्चर शेकरवर (थरथर देणाऱ्या मशीनवर) बोल्ट करा आणि अर्धा जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) इतक्या कमी लेव्हलला १० ते २००० हर्ट्झ साईन स्वीप घ्या, म्हणजे थरथरीची फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत न्या, मिनिटाला एक ऑक्टेव्हने (दर मिनिटाला फ्रिक्वेन्सी दुप्पट) पावणेआठ मिनिटाच्या आत होतं, तेवढ्यात चहा पण येतो. एक सेन्सर शेकरच्या टेबलावर आणि दुसरा जिथं पार्ट बसणार तिथं चिकटवा, दोन्हीचा रेशो एकच्या आसपास राहिला तर ठीक, पण मध्येच कुठं पाच झाला तर तिथं फिक्श्चरच रेझोनन्सला आलंय (स्वतःच्या फ्रिक्वेन्सीला जास्तच हलतंय), म्हणजे टेबलावर ५ जी दिलं तरी पार्टला २५ जी बसतंय, मग तुटणारच की.

असं झालं तर नुसतं वजन वाढवू नका, त्यानं फ्रिक्वेन्सी उलट खाली येते. गसेट (कोपऱ्यात आधाराची तिकोनी पट्टी) मारा, उंची कमी करा. फ्रिक्वेन्सी दुप्पट हवी तर त्याच वजनात कडकपणा चौपट लागतो. आणि त्याच आकारात स्टीलचं ॲल्युमिनियम केलं तरी फ्रिक्वेन्सी जवळपास तीच राहते, शेकरवरचा भार तेवढा हलका होतो.

पार्ट लावल्यावर टेस्टच्या आधी एक आणि नंतर एक असा तोच स्वीप घ्या. पीक (जिथं रेशो सगळ्यात जास्त येतो ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकला असेल तर क्रॅक तरी आहे किंवा बोल्ट तरी ढिला, आधी टॉर्क चेक करा.