पन्नाशीनंतर वजन उतरवताना
पन्नाशी उलटल्यावर वजन उतरवायचे ठरवले, की आधी बेंबीच्या पातळीवर टेप लावून पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढचा घेर मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढवतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास जेवण घटवण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण साखर एकदम उतरू शकते.

कडक उपास मात्र कृपा करून करू नयेत. या वयात स्नायू मुळातच झिजत असतात, आणि उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर तेही जातात, मग जिना चढणे जड होते. भाताची मूद निम्मी करून वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ वाढून घ्यावी. चालत असल्यास उकडलेले अंडे खावे, त्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. तेवढे भरभर चालावे. शिवाय आठवड्यातून दोनदा, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हातांची छातीशी घडी घालून दहा वेळा उठावे, आणि बसताना अंग धपकन न टाकता मांड्यांवर ताण जाणवेल इतके सावकाश खाली यावे.