इसेन्शियल प्रोटीन शोधताना या चुका टाळा: सेंट्रॅलिटी नंतर, आधी एज कुठून आली ते बघा

इसेन्शियल प्रोटीन म्हणजे जे नसेल तर पेशी मरते असं प्रोटीन, आणि ते शोधायला लोक कोणतं प्रोटीन कोणाशी जोडलंय याचं नेटवर्क वापरतात. नेटवर्क डाउनलोड केलं, डिग्री (म्हणजे प्रत्येक प्रोटीनच्या जोडण्यांची संख्या) काढली, वरचे शंभर प्रोटीन उचलले आणि "हे घ्या इसेन्शियल प्रोटीन" म्हणून मोकळे झाले. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी रिझल्ट दाखवायला आलं की मी पहिला प्रश्न सेंट्रॅलिटीचा (नेटवर्कमध्ये कोण किती महत्त्वाचं ते मोजणारा आकडा, डिग्री हा त्यातला साधा प्रकार) विचारतच नाही, मी विचारते फाइल कुठली घेतली आणि त्यात एक एज (दोन प्रोटीनना जोडणारी रेघ) म्हणजे नक्की काय. निम्म्या वेळा उत्तर येत नाही.

या सगळ्याचं मूळ २००१ च्या नेचरमधल्या जेओंग, बाराबासी वगैरे मंडळींच्या पेपरात आहे. यीस्टचे १८७० प्रोटीन आणि २२४० इंटरॅक्शन घेऊन त्यांनी दाखवलं की पाच किंवा कमी जोडण्या असलेल्या प्रोटीनपैकी साधारण २१ टक्के इसेन्शियल निघतात आणि पंधरापेक्षा जास्त जोडण्या असलेल्यांपैकी ६२ टक्के. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण पंधरापेक्षा जास्त जोडण्या असलेले प्रोटीन एकूणच्या फक्त ०.७ टक्के होते, म्हणजे जेमतेम तेराएक, हे कोणाच्या लक्षात नसतं. पेपर चांगलाच आहे, मला आवडतो, पण तेरा प्रोटीनवरून नियम बनवायचा नसतो.

सगळ्यात मोठी चूक: जेनेटिक इंटरॅक्शनला फिजिकल समजणं

एका पोराने मला रिझल्ट पाठवला होता, साधी डिग्री सेंट्रॅलिटी, यीस्ट, बायोग्रिड या इंटरॅक्शनच्या डेटाबेसची फाइल. टॉप शंभरात इसेन्शियल प्रोटीनची संख्या इतकी होती की छापून आलेल्या बहुतेक मेथड त्यापुढे फिक्या पडाव्यात. तो खूश, त्याचे गाइड खूश, पेपर लिहायला घेतलेला. मला ते पटेना, कारण नुसत्या डिग्रीने इतकं मिळत असतं तर गेली वीस वर्षं लोक नवनवीन सेंट्रॅलिटी काढत कशाला बसले असते? आम्ही दोघं फाइल उघडून बसलो आणि लिस्टमध्ये पहिल्या नंबरवर आलेल्या प्रोटीनच्या ओळी एकेक वाचल्या. सिंथेटिक ग्रोथ डिफेक्ट. सिंथेटिक लीथॅलिटी. डोसेज रेस्क्यू. परत सिंथेटिक ग्रोथ डिफेक्ट. शेजारी "एक्सपेरिमेंटल सिस्टम टाइप" नावाचा कॉलम होता आणि त्यात ओळीमागून ओळ "जेनेटिक" लिहिलेलं, त्याने तो कॉलम फाइल वाचतानाच टाकून दिला होता.

जेनेटिक इंटरॅक्शन म्हणजे दोन जीन एकदम बिघडवले तर पेशीचं काय होतं याची नोंद. ते दोन प्रोटीन एकमेकांना कधी चिकटलेच नसतील. आणि खरी गोम पुढे आहे. इसेन्शियल जीन पूर्ण उडवता येत नाही, पेशीच मरते, म्हणून त्याचं कमजोर केलेलं रूप वापरून असे प्रयोग करतात, आणि अशा जीनला जेनेटिक इंटरॅक्शन भरपूर सापडतात, २०१६ च्या यीस्टच्या मोठ्या जेनेटिक नकाशात तर बाकीच्या जीनपेक्षा सुमारे पाचपट सापडल्या. म्हणजे जे ओळखायचंय तेच एजमध्ये आधीपासून भरलेलं. पेपर फुटलेला असताना मिळालेले मार्क ते. जेनेटिक ओळी काढल्यावर त्याचा आकडा धाडकन खाली आला, आणि दोन महिन्यांचं काम परत करावं लागलं. वाईट वाटलं मला, मुलगा मेहनती होता, फक्त फाइल वाचायला दहा मिनिटं दिली नव्हती.

तेव्हापासून माझी सवय अशी की कुठलंही नेटवर्क बनवलं की कोड चालवायच्या आधी वीस एज रँडम निवडायच्या आणि प्रत्येकीचा प्रयोग कुठला, कोणी कोणाला खेचून काढलं, हे हाताने वाचायचं. कंटाळा येतो, पण करायचंच.

स्ट्रिंग हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांची हीच चूक वेगळ्या कपड्यात असते. कम्बाइन्ड स्कोअर (सगळे पुरावे मिळून जोडणीची खात्री किती) ४०० च्या वर, म्हणजे वेबसाइटवरचा ०.४, ठेवला की झालं असं वाटतं, पण त्या स्कोअरमध्ये को-एक्सप्रेशन (दोन जीन सोबत चालू-बंद होणं) आहे, टेक्स्ट मायनिंग आहे, म्हणजे एकाच पेपरात दोन नावं वारंवार एकत्र आली तरी एज तयार. इसेन्शियल जीनवर लोक जास्त काम करतात, त्यामुळे त्यांची नावं जास्त येतात, त्यामुळे त्यांची डिग्री वाढते, आणि मग आपण म्हणतो बघा हब (खूप जोडण्या असलेले प्रोटीन) इसेन्शियल असतात! फिजिकल सबनेटवर्कची वेगळी फाइल मिळते, ती घ्या. आणि हो, त्या फाइलमध्ये प्रत्येक जोडी दोनदा असते.

अभ्यासाचा हा पूर्वग्रह फिजिकल डेटातही आहेच. २००५ मध्येच एका गटाने दाखवलं होतं की डेटातले असे पूर्वग्रह बाजूला केले की डिग्री आणि इसेन्शियल असण्याचं नातं फारच पातळ होतं. म्हणून मी बायोग्रिडमधला थ्रूपुट कॉलम (प्रयोग मोजक्या प्रोटीनवर केला की एकदम हजारोंवर, हे सांगणारा) बघून एकदा सगळ्या फिजिकल एजवर आणि एकदा फक्त हाय थ्रूपुटवाल्यांवर चालवते. दोन्हीकडे टिकलं तरच पुढे बोलायचं.

टॉपची लिस्ट न वाचता नुसती मोजणं

लिस्टमधले पहिले पन्नास प्रोटीन कोण आहेत हे माहीत नसताना त्यावर पेपर लिहिणारे लोक मला खरंच कळत नाहीत. यीस्टमध्ये एचएसपी८२ घ्या, शॅपरोन (इतर प्रोटीनना नीट घडी घालायला मदत करणारं) आहे, शेकडो प्रोटीनना धरतं, डिग्री प्रचंड, पण उडवलं तरी पेशी जगते, कारण एचएससी८२ नावाचा जुळा भाऊ काम सांभाळतो. दोन्ही उडवले की मरते. रायबोसोमचंही तसंच, यीस्टमध्ये ७९ रायबोसोमल प्रोटीनसाठी १३७ जीन आहेत, म्हणजे बहुतेकांची दुसरी कॉपी हजर, मग एक उडवून काय फरक पडणार. युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनचा यूबीआय४ जीन पण असाच, कारण युबिक्विटिन बनवणारे जीन चार आहेत. नेटवर्कला हे काहीच दिसत नाही, त्याला फक्त रेघा दिसतात.

उलट बाजूही बघा. प्रोटियासोम (नको असलेली प्रोटीन तोडणारं पेशीतलं यंत्र) घ्या, त्याच्या २०एस गाभ्याचे यीस्टमध्ये १४ जीन, त्यातले १३ इसेन्शियल आणि एकटा पीआरई९ नाही. चौदाही एकाच कॉम्प्लेक्समध्ये (एकत्र चिकटून काम करणाऱ्या गटात), एकमेकांना घट्ट जोडलेले, त्यामुळे कुठल्याही सेंट्रॅलिटीने पीआरई९ वेगळा काढून दाखवणं जवळपास अशक्य. त्याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणून मेथडला नावं ठेवू नका. इसेन्शियल असणं हा बऱ्याचदा अख्ख्या कॉम्प्लेक्सचा गुण असतो, हे २००७-०८ च्या सुमारास एकाहून जास्त गटांनी दाखवलंय, आणि नुसत्या डिग्रीपेक्षा शेजाऱ्यांची आपापसातली घट्ट वीण मोजणाऱ्या मेथड जास्त चालतात त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

कॉम्प्लेक्सवरून आठवलं. पुल-डाउनमध्ये (एक प्रोटीन खेचून त्याला चिकटून काय येतं ते बघायचा प्रयोग) एका प्रोटीनसोबत १९ प्रोटीन आले तर त्यातून एकूण एज किती? स्पोक मॉडेलने फक्त खेचलेलं प्रोटीन बाकीच्यांशी जोडलं तर १९, मॅट्रिक्स मॉडेलने सगळ्यांना सगळ्यांशी जोडलं तर १९०. प्रयोग एकच. दोन डेटाबेस मिसळताना एकात हे आणि दुसऱ्यात ते असेल तर तुमची डिग्री म्हणजे खिचडी आहे. आणि यीस्ट टू-हायब्रिडच्या (दोन प्रोटीन थेट एकमेकांना चिकटतात का ते बघायचा प्रयोग) चांगल्या बायनरी, म्हणजे जोडी-जोडीच्या, नकाशावर २००८ मध्ये बघितलं तेव्हा डिग्री आणि इसेन्शियल असणं यांचा संबंधच दिसला नव्हता, इतका फरक एजच्या प्रकाराने पडतो.

समान स्कोअरचा घोळ

डिग्री पूर्णांकात असते, त्यामुळे टॉप ६०० च्या कडेला एकाच डिग्रीचे कित्येक प्रोटीन अडकलेले असतात. पायथनचा सॉर्ट समान स्कोअरवाल्यांचा मूळ क्रम तसाच ठेवतो. आता तुमच्या फाइलमध्ये इसेन्शियल प्रोटीन आधी आणि बाकीचे नंतर असतील, आणि बऱ्याच जणांच्या असतात कारण दोन लिस्ट एकाखाली एक चिकटवलेल्या असतात, तर प्रत्येक बरोबरीत इसेन्शियलच आत घुसतात. कोड बरोबर, एरर नाही, रिझल्ट खोटा. मी सॉर्टच्या आधी यादी शफल करते, शंभर वेळा, आणि सरासरी घेते.

आणि कृपा करून नुसती अॅक्युरसी सांगू नका. डीआयपी या डेटाबेसच्या यीस्टच्या ज्या डेटावर अर्ध्या जगाने काम केलंय त्यात ५०९३ प्रोटीन आणि त्यातले ११६७ इसेन्शियल. "एकही इसेन्शियल नाही" असं म्हणणारा प्रोग्रामसुद्धा ७७ टक्के अॅक्युरसी मिळवतो. प्रिसिजन-रिकॉल कर्व्ह (निवडलेल्यांत खरे किती आणि खऱ्यांपैकी सापडले किती) दाखवा.

आता भराभर. सेल्फ लूप (प्रोटीनची स्वतःशीच जोडणी) काढून टाका, पायथनची नेटवर्कएक्स लायब्ररी एका सेल्फ लूपची डिग्री दोन मोजते. क्लोजनेस (बाकीच्यांपासून सरासरी किती जवळ, ही सेंट्रॅलिटी) काढण्याआधी मुख्य कंपोनंट, म्हणजे नेटवर्कचा सगळ्यात मोठा सलग तुकडा, वेगळा करा, नाहीतर कोपऱ्यात पडलेली दोन प्रोटीनची जोडी स्केलिंगशिवाय क्लोजनेस १ घेऊन सगळ्यांच्या वर बसते. जीनची लिस्ट एक्सेलमध्ये उघडू नका, यीस्टमध्ये ओसीटी१ नावाचा जीन आहे आणि एक्सेल त्याची ऑक्टोबरची तारीख करून टाकतं. बोलीतली नावं वापरू नका, वायएफएल०३९सी सारखी सिस्टिमॅटिक नावंच वापरा, एका जीनला चार टोपणनावं असतात. मशीन लर्निंग करताना एकाच कॉम्प्लेक्सचे सदस्य ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे वाटले जात नाहीत ना ते बघा.

शेवटचं लेबलबद्दल. ज्या जीनची तपासणीच झाली नाही त्याला "नॉन-इसेन्शियल" लिहू नका, रिकामं सोडा. आणि तपासणी झाली असली तरी कुठल्या स्ट्रेनमध्ये, कशावर वाढवून? यीस्टची नेहमीची यादी एस२८८सी स्ट्रेनची, वायपीडी या पौष्टिक मीडियमवर केलेली. २०१० मध्ये तिची तुलना सिग्मा १२७८बी शी केली तर ५७ जीन असे निघाले जे एकात इसेन्शियल आणि दुसऱ्यात नाहीत, आणि हे दोन्ही यीस्ट एकाच जातीचे. म्हणून माझ्या टेबलात इसेन्शियल या कॉलमला लागून स्ट्रेन आणि मीडियम असे दोन कॉलम असतातच.