सुगीनंतर सांभाळा : तुळईवरची धान्यधूळ

मळणी आटोपली, धान्य कोठारात पडू लागलं आणि भरड्याची कामं सुरू झाली, की बंद शेडमध्ये दिवसभर धूळ उडत राहते. धान्य कोरडं, हवा कोरडी आणि यंत्रांना उसंत नाही. धान्यधुळीच्या स्फोटाला असेच दिवस अनुकूल असतात.

गव्हाचा किंवा मक्याचा अख्खा दाणा सहजी पेटत नाही. त्याचीच बारीक पूड हवेत तरंगत असेल, तर प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि सगळे कण जवळजवळ एकदम जळतात. उघड्यावर नुसता भडका उडतो. बंद खोलीत, धान्य पट्ट्याने वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या नळकांड्यात किंवा सायलोमध्ये, म्हणजे धान्याच्या उंच बंद टाकीत, मात्र तापलेल्या हवेला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि भिंती फुटतात.

पहिला स्फोट बहुधा यंत्राच्या आत होतो आणि तो लहान असतो. त्याच्या हादऱ्याने तुळया, पत्र्याच्या कैच्या, केबलचे ट्रे, दिव्यांच्या टोप्या यांवर साचलेली धूळ खाली झडते आणि मागून येणाऱ्या ज्वाळेत पेटते. जीव जातात ते बहुतेक या दुसऱ्या स्फोटात. अमेरिकेत लुइझियानातील वेस्टवेगो येथे 22 डिसेंबर 1977 रोजी धान्याच्या मोठ्या कोठारात (तिकडे त्यालाही एलिव्हेटरच म्हणतात) झालेल्या स्फोटात 36 माणसं दगावली.

साचलेली धूळ किती असली म्हणजे धोका? धुळीचा घनमीटर सुमारे 500 किलो भरतो असं धरा. जमिनीवरचा फक्त 1 मिलिमीटर थर 5 मीटर उंचीच्या खोलीत उडाला, तर दर घनमीटर हवेत 100 ग्रॅम धूळ होते. स्फोटाला एवढी पुरते. म्हणून हंगामात पहिलं लक्ष वर द्या. शिडी लावून तुळईवर बोट फिरवा. बोटाची रेघ स्पष्ट उमटली तर आधी सफाई, मग यंत्र.

सफाई करताना यंत्रं बंद, दारं-खिडक्या उघड्या. मऊ कुंच्याने सावकाश धूळ गोळा करा. कॉम्प्रेसरने हवा मारून कोपरे साफ करण्याची सवय मोडाच. त्याने धूळ जात नाही, हवेत तरंगू लागते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या मोटरच्या ठिणग्या त्याच धुळीत पडतात.

आता ठिणगी. बेअरिंगला ग्रीस नसेल तर ते तापतं. एलिव्हेटरचा पट्टा सरकून एका बाजूला घासला, की पुलीपाशी रबर जळल्याचा वास येतो. वास आला की लगेच थांबवा. चोक झालेला एलिव्हेटर चालू-बंद करून मोकळा करू पाहणं फार धोक्याचं आहे, कारण पट्टा जागीच घासत राहतो. बंद करा, वीज तोडा, हाताने उपसा. भरडा यंत्राच्या तोंडाशी चुंबक बसवा, म्हणजे खिळा-नट आत जाणार नाही. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम धूळ पूर्ण काढल्याशिवाय करू देऊ नका, कारागीर कितीही घाईत असला तरी. यंत्रांना अर्थिंग हवंच. धान्य ओलं भरलं तर ते ढिगात आपोआप तापतं, म्हणून नीट वाळवूनच साठवा.

सायलोतून धूर किंवा करपट वास आला तर झाकण उघडू नका आणि माल हलवू नका. आत हवा गेली, धूळ उठली की स्फोट होऊ शकतो. सगळी यंत्रं बंद करा, माणसं दूर न्या, अग्निशमन दलाला बोलवा आणि आत काय साठवलंय ते आधी सांगा. धुळीच्या थराला आग लागली असेल तर पाण्याची जोराची धार मारू नका. बारीक तुषारच मारा.